वरातीमागून घोडं : जर्मन शिस्त आणि मिडलवेअरचा क्रम

सुट्टीवर पुण्यात आलो की काका-मामा मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "तिकडे काय बाबा, शिस्त रक्तातच असते त्यांच्या!" मग त्यामागोमाग आपल्याकडची वाहतूक, सरकारी कचेऱ्या आणि आपल्या सॉफ्टवेअरचा दर्जा यांच्यावर एक सामुदायिक उसासा. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. जर्मन लोकांबद्दल आकस आहे म्हणून नव्हे. डॉक्टरेट इथेच केली, नोकरी इथेच करतो, मीठ इथलंच खातो. राग येतो तो यासाठी, की हे वाक्य म्हटलं की विषय संपतो. रक्तातच असेल तर आपण काय करणार, नाही का? रक्त काही बदलता येत नाही. चला, चहा घ्या.

आज या भाकडकथेवर लिहायचं आहे, पण भलत्याच बाजूने. विषय आहे वेब फ्रेमवर्कमधल्या मिडलवेअरचा क्रम. (जे आयटीत नाहीत त्यांनी पळून जाऊ नये. दोन परिच्छेदांत सगळं कळेल, हमी देतो :-) )

तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता तेव्हा तुमची विनंती थेट मुख्य प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. वाटेत चौक्या असतात. एक चौकी बघते की तुम्ही लॉगिन केलंय का. दुसरी बघते की तुम्हाला ही विशिष्ट गोष्ट बघायची परवानगी आहे का. (या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या वॉचमनने आत सोडलं म्हणजे त्याने कुणाच्याही फ्लॅटची किल्ली दिली असं होत नाही.) तिसरी मोजते की तुम्ही मिनिटाला किती वेळा दार ठोठावताय. चौथी तुम्ही पाठवलेला मजकूर उलगडून नीट मांडून ठेवते. पाचवी नोंदवहीत नोंद करते. या चौक्यांना म्हणायचं मिडलवेअर. काही चौक्या सगळ्या साइटला लागू असतात, काही फक्त एखाद्या रूटपुरत्या, म्हणजे ठराविक पत्त्यांच्या वाटेवर. प्रत्येक चौकी विनंती पुढे सोडू शकते किंवा तिथूनच परत पाठवू शकते. आणि उत्तर बाहेर येतं ते त्याच चौक्यांमधून, उलट्या क्रमाने. कांद्याच्या पापुद्र्यांतून सुई आत गेली आणि त्याच वाटेने बाहेर आली तसं.

आता प्रश्न असा की या चौक्या कुठल्या क्रमाने उभ्या करायच्या? आणि हा क्रम ठरवतो कोण? बहुतेक प्रकल्पांत याचं प्रामाणिक उत्तर आहे: "कुणी ठरवला नाही. ज्याने जेव्हा जी ओळ टाकली, तसा झाला." माझं भांडण या उत्तराशी आहे.

कुठल्याही तपासणीच्या बैठकीत बसा. हातात यादी असते. लॉगिन तपासता का? हो. परवानगी? हो. विनंत्यांवर मर्यादा? हो. सही पडताळता का? हो. चार टिकमार्क, सगळे खूश, समोसे. "कुठल्या क्रमाने?" हा रकाना मी आजवर फार थोड्या यादींमध्ये पाहिला आहे. इकडे नाही आणि तिकडेही नाही. सगळ्या चौक्या जागेवर आहेत, मग झालं की! पण फोडणीचं सामान सगळं घरात आहे म्हणून फोडणी होते का? आधी हळद घालून मग मोहरीची वाट बघत बसा, काय होतं ते कळेल. जिन्नस तेच, डबा तोच, आणि घरभर जळका वास.

फोडणी जळली तर फेकून देता येते. आता जिथे फेकता येत नाही अशी उदाहरणं घेऊ.

पहिलं. तुमचं वेब पान एका पत्त्यावर आहे आणि माहिती देणारा सर्व्हर दुसऱ्या. अनेक प्रकारच्या विनंत्यांच्या बाबतीत ब्राउझर आधी एक टेहळणीची विनंती पाठवतो: "मी अमुक ठिकाणाहून आलोय, पुढे येऊ का?" या टेहळणीबरोबर लॉगिनचा पुरावा नसतो, तसा नियमच आहे. तुम्ही लॉगिनची चौकी आधी उभी केली असेल तर ती इमानदारीत म्हणते, "ओळखपत्र दाखव", आणि ४०१ देऊन हाकलते. खरी विनंती मग निघतच नाही. दोन दिवस डोकं फोडून वैतागलेला माणूस काय करतो? त्या रूटवरची लॉगिनची चौकीच काढून टाकतो. "चालायला लागलं!" चालायला लागलं खरं, आता सगळ्यांसाठी.

दुसरं. पैसे भरून घेणाऱ्या कंपन्या तुमच्या सर्व्हरला कळवतात की अमुक ऑर्डरचे पैसे जमा झाले. हा निरोप खरा आहे हे कळावं म्हणून त्यावर सही असते, आणि ती सही मजकुराच्या जशाच्या तशा बाइट्सवर केलेली असते. आता मजकूर उलगडणारी चौकी आधी आणि सही पडताळणारी नंतर असेल, तर दुसऱ्या चौकीच्या हातात मूळ कागद राहतच नाही, राहते ती त्याची सुवाच्य नक्कल. एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली की सही जुळत नाही. मग पुन्हा तेच. सही जुळत नाही ना? मग पडताळणी तात्पुरती बंद ठेवू. ('तात्पुरती' या शब्दाचं आयुष्य आपल्याकडे किती असतं ते मी सांगायला नको.) त्या दिवसापासून जगातला कुणीही "पैसे जमा झाले" असं कळवून तुमचा माल नेऊ शकतो.

तिसरं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते भारतातल्या असंख्य छोट्या कंपन्या वापरतात त्या लाराव्हेल या फ्रेमवर्कमधलं आहे. यात एक सोय आहे. पत्त्यात बिलाचा क्रमांक असला की एक चौकी तो क्रमांक बघून डेटाबेसमधून ते बिल आधीच काढून आणून ठेवते. सोय उत्तम आहे. पण ही चौकी नेहमीच्या गटातच असते, आणि तुम्ही रूटवर लावलेली लॉगिनची चौकी त्या गटानंतर येते. म्हणजे लिहिल्या क्रमाने चाललं तर आधी बिल शोधणार आणि मग विचारणार, "तुम्ही कोण?" अशा वेळी लॉगिन न केलेल्या माणसालाही अस्तित्वात नसलेल्या बिलासाठी "सापडलं नाही" आणि असलेल्या बिलासाठी "लॉगिन करा" अशी दोन वेगळी उत्तरं मिळतात. कुठले क्रमांक खरे आहेत हे बाहेर उभं राहून मोजता येतं.

हे होऊ नये म्हणून लाराव्हेलने अग्रक्रमाची एक अंगभूत यादी ठेवली आहे. तुम्ही रूटवर काहीही क्रमाने लिहा, यादीत असलेल्या चौक्या त्या यादीप्रमाणे लावल्या जातात. लॉगिन आधी, बिल शोधणं नंतर. चांगली गोष्ट आहे. पण इथेच मेख आहे: तुम्ही स्वतः लिहिलेली चौकी त्या यादीत नसते. ती जिथे आहे तिथेच राहते.

आता समजा तुमचं एकच सॉफ्टवेअर पन्नास दवाखाने वापरतात. "ही विनंती कुठल्या दवाखान्याची" हे ठरवणारी चौकी तुम्ही लिहिली आणि रूटवर लावली. ती चालते बिल शोधून झाल्यावर. म्हणजे डेटाबेसमधला शोध झाला तेव्हा कुठला दवाखाना हे ठरलेलंच नव्हतं. पुढे तुमच्या कोडची रचना जशी असेल त्याप्रमाणे एक तर काहीच सापडणार नाही, किंवा सापडेल, पण दुसऱ्याच दवाखान्यातल्या पेशंटचं. पहिलं झालं तर तुमचं नशीब चांगलं, निदान तक्रार तरी येईल. दुसरं झालं तर कुणी तक्रार करणार नाही, कारण ज्याची माहिती बाहेर गेली त्याला पत्ताच नाही. यालाच आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात. घोडं आहे, सजवलेलंही आहे, फक्त नवरदेव केव्हाच चालत मांडवात पोचलाय.

यावर उपाय काय? अगदी साधा. ती अग्रक्रमाची यादी स्वतःच्या हातात घ्यायची. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती कर्नल नावाच्या क्लासमध्ये असायची. २०२४ मध्ये आलेल्या ११व्या आवृत्तीपासून ती बूटस्ट्रॅपच्या फाइलमध्ये लिहिता येते, आणि "ही चौकी त्या चौकीच्या आधी" असं सांगायची सोयही नंतर आली. काम पाच मिनिटांचं आहे. ते काम अस्तित्वात आहे हे माहीत असणं हीच खरी अडचण.

आणि कुणी असं समजू नये की हे फक्त नवशिक्यांचं दुखणं आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये सापडलेला दोष बघा. सर्व्हर पत्त्यातली सांकेतिक अक्षरं उलगडायचा, मग सुरक्षेची तपासणी करायचा की हा माणूस ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर तर जात नाहीये ना. इथवर ठीक. पण तपासणी झाल्यावर तो पत्ता पुन्हा एकदा उलगडायचा! म्हणजे दोनदा गुंडाळलेला पत्ता पाठवला की तपासणीच्या वेळी निरुपद्रवी दिसणारा मजकूर नंतर चोरवाट बनायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निम्दा नावाच्या वर्मने जगभर जो धुमाकूळ घातला, त्याच्या वाटांमध्ये ही एक वाट होती. तपासणी होती का? होती. यादीत टिकमार्क पडला असता.

त्याहून वरच्या पायरीवरचं उदाहरण हवं असेल तर तुमच्या बँकेच्या पत्त्यापुढे दिसणारं कुलूप घ्या. निरोप कुलूपबंद करायचा आणि त्यावर खरेपणाची मोहोरही उठवायची, ही दोन कामं. आधी कुठलं? जुन्या एसएसएल आणि टीएलएसमध्ये आधी मोहोर, मग कुलूप असा क्रम होता. म्हणजे समोरच्याला आधी कुलूप उघडावं लागायचं आणि मगच कळायचं की निरोप खोटा आहे. २००१ मध्ये ह्यूगो क्रॉचिक यांनी या क्रमावरच अख्खा शोधनिबंध लिहिला. २००२ मध्ये सर्ज वोदने यांनी दाखवलं की कुलूप उघडताना होणाऱ्या चुकांवरून आतला मजकूर थोडाथोडा काढून घेता येतो. २०१३ मध्ये त्याच जातीचा आणखी एक हल्ला आला. २०१४ मध्ये क्रम उलटा करण्याची अधिकृत सोय झाली आणि २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये ही दोन कामं वेगवेगळी ठेवायची पद्धतच बंद करून टाकली. दोन पायऱ्यांचा क्रम निस्तरायला जगातल्या सर्वात हुशार लोकांना दीड दशकाहून जास्त काळ लागला. आणि आपण म्हणतो, "क्रमाचं काय एवढं, फ्रेमवर्क बघून घेईल."

आता येतो जर्मन शिस्तीकडे.

इथल्या लहान स्टेशनांवर अजूनही काही ठिकाणी जुनी यांत्रिक सिग्नल-केबिनं चालू आहेत. इथे त्यांना श्टेलवेर्क म्हणतात. आत माणसाच्या छातीएवढ्या उंच लोखंडी दांड्यांची रांग. रूळ जिथे फुटतात तिथले सांधे बदलायला वेगळ्या दांड्या, सिग्नल पाडायला वेगळ्या. गाडीसाठी जो मार्ग लावायचा त्याला म्हणतात फारश्ट्रासे. इंग्रजीत याला सरळ रूटच म्हणतात, आणि मला तर तो शब्द योगायोगाने जुळल्यासारखा वाटत नाही :-)

काम कसं चालतं बघा. आधी सगळे सांधे योग्य बाजूला लावायचे. मग मार्गाची एक वेगळी लहान कळ फिरवायची, तिने ते सांधे अडकतात. सांधा चुकीच्या बाजूला असेल तर ती कळ फिरतच नाही. मग तो मार्ग पक्का करायचा, म्हणजे ती कळही अडकते. आणि हे सगळं झालं तरच सिग्नलची दांडी हलते. परत येताना क्रम बरोबर उलटा: आधी सिग्नल पूर्ववत, गाडी गेली की मार्ग सुटतो, मग कळ, आणि शेवटी सांधे मोकळे. आत जाताना एक क्रम, बाहेर येताना त्याच्या उलट. कांदाच की हो हा!

ही कल्पना मूळची जर्मन नाही. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये पेटंट घेतलं, जर्मन कारखान्यांनी ती पुढे नेली. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या केबिनीत बसणाऱ्या माणसाच्या रक्तात शिस्त असल्याची खात्री असती, तर हे टनभर लोखंड कशाला ओतलं असतं? भिंतीवर एक पाटी लावली असती, "कृपया आधी सांधे, मग सिग्नल", आणि पैसे वाचवले असते. ही यंत्रणा ज्यांनी बसवली त्यांनी माणसाच्या शिस्तीवर काडीचाही भरवसा ठेवलेला नाही. माणूस झोपेल, घाई करेल, विसरेल, बायकोशी भांडून आलेला असेल, हे गृहीत धरून त्यांनी क्रम लोखंडात घातला. चुकीचा क्रम हा गुन्हा ठरवण्याऐवजी तो करताच येऊ नये अशी सोय केली.

आणि जिथे ती सोय बाजूला ठेवून क्रम माणसाच्या हातात दिला, तिथे काय झालं? ९ फेब्रुवारी २०१६, बव्हेरियातलं बाड आयब्लिंग. एकेरी मार्ग, सकाळची वेळ, दोन गाड्या समोरासमोर. यंत्रणा सिग्नल देत नव्हती, आणि बरोबरच देत नव्हती. पण बिघाडाच्या प्रसंगासाठी म्हणून एक पर्यायी सिग्नल असतो, जो माणसाच्या जबाबदारीवर या तपासण्या वगळून देता येतो. ड्यूटीवरच्या माणसाने तो दिला. नंतर न्यायालयात समोर आलं की तो मोबाइलवर गेम खेळत होता. १२ माणसं गेली. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. कुठे होती रक्तातली शिस्त? तीच ती बव्हेरिया, तेच ते जर्मन रक्त. दोन गाड्यांमध्ये उभी असलेली गोष्ट होती लोखंडातला क्रम, आणि तो वगळायचं बटण माणसाच्या हाताशी होतं.

उलट बाजूही बघू, नाहीतर कुणी म्हणेल हा तिकडचीच उदाहरणं देतो. २ जून २०२३, ओडिशातलं बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, आणि सांधा मात्र लूप लाइनकडे लागलेला, जिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेले चुकीचे बदल समोर आले. सांधा तपासल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही हा नियम तिथल्या यंत्रणेतही होताच. पण यंत्रणेला सांधा जसा 'दिसत' होता तसा तो प्रत्यक्षात नव्हता. तपासणी एका गोष्टीची झाली, गाडी दुसऱ्याच गोष्टीवरून गेली. २००१ चा तो मायक्रोसॉफ्टचा दोष आठवा, जात एकच. फरक इतकाच की इथे माणसं मेली. याचं कारणही भारतीय रक्तात शोधू नका. वायरिंग कुणी बदललं, ते बदलल्यावर पुन्हा तपासलं का, याची नोंद कुठे आहे, हे प्रश्न विचारा. त्यांना उत्तरं असतात.

पुन्हा सॉफ्टवेअरकडे वळतो. मग क्रम लोखंडात घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं? इथे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ आकड्यांचा. प्रत्येक चौकीला एक आकडा द्यायचा, लहान आकडा आधी. जावाच्या स्प्रिंगमध्ये हे फार चालतं. सुरुवातीला कुणीतरी १०० देतो. दुसऱ्याला त्याच्या आधी यायचं असतं, तो ५० देतो. मग कुणी १. मग शून्य. मग उणे १००. शेवटी एक शहाणा "सर्वोच्च अग्रक्रम" असं नाव दिलेला आकडा वापरतो, जो आहे उणे २,१४,७४,८३,६४८. आणि मग दुसरा शहाणाही तोच वापरतो. सरकारी कचेरीत सगळ्याच फायलींवर 'तातडीचे' असा लाल शिक्का असतो ना, तसं. त्यानंतर त्या दोघांत आधी कोण, हे कोडमधून कुणालाच सांगता येत नाही. मी एका पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये असे अकरा 'सर्वोच्च' मोजले आहेत. त्यांना विचारलं तर उत्तर आलं, "टेस्ट पास होतायत ना?" (हे उत्तर शुद्ध जर्मन भाषेत मिळालं, याची काका-मामांनी नोंद घ्यावी.)

आकड्यांचा खरा दोष हा की ते कारण सांगत नाहीत. ५० का? ४९ का नाही? सांध्याची दांडी सिग्नलच्या दांडीला "माझा नंबर लहान आहे" असं म्हणत नाही. "मी लागल्याशिवाय तू हलायचं नाही" असं म्हणते.

दुसरा पंथ दैवावर सोडणाऱ्यांचा. २००९ च्या सर्व्हलेट ३.० मध्ये जावावाल्यांनी चौकी जाहीर करायची सोपी पद्धत आणली: क्लासच्या डोक्यावर एक खूण लिहा, बस. त्याआधी एका एक्सएमएल फाइलमध्ये चौक्या एकाखाली एक लिहाव्या लागायच्या आणि लोक त्या फाइलला शिव्या द्यायचे. पण त्या कुरूप फाइलमध्ये क्रम ठरलेला होता! खुणांच्या पद्धतीत चौक्यांचा क्रम काय, याची प्रमाण दस्तऐवजाने काहीच हमी दिलेली नाही. तुमच्या लॅपटॉपवर एक, सर्व्हरवर दुसरा. कुरूपता गेली आणि तिच्याबरोबर ठावठिकाणाही गेला.

तिसरा पंथ नातं लिहिणाऱ्यांचा. "ही चौकी तिच्या आधी", "ती हिच्या नंतर". रेल्समध्ये हे आहे, स्प्रिंग सिक्युरिटीत आहे, आणि २००२ मध्ये आलेल्या अपाचे २.० च्या मॉड्यूल्सना तर आपल्या आधी कोण हवं आणि नंतर कोण हवं याची नावं देता येतात. अपाचेवाल्यांना हे शहाणपण अनुभवातूनच आलं असावं. त्यांच्या जुन्या आवृत्त्यांत 'ऑर्डर' नावाचीच एक आज्ञा होती. 'डिनाय' आधी की 'अलाउ' आधी हे तिच्यात सांगायचं, आणि फाइलमध्ये त्या ओळी कुठल्या क्रमाने लिहिल्यात याला काडीचंही महत्त्व नसायचं. शिवाय त्या दोन शब्दांमध्ये स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा सोडली तरी सर्व्हर रुसायचा. २०१२ च्या २.४ आवृत्तीत ही पद्धत मागे टाकून "हे सगळं हवं" किंवा "यातलं एक तरी हवं" असं स्पष्ट लिहायची सोय आली.

माझं मत विचाराल तर ते असं. स्वतःच्या अॅप्लिकेशनमध्ये चौक्यांची एकच यादी, एकाच फाइलमध्ये, वरून खाली. जँगोमध्ये हे पहिल्यापासून असंच आहे, आणि २०१६ च्या १.१० आवृत्तीत तर त्यांनी आतली रचनाही खऱ्या कांद्यासारखी केली. त्याआधी मधल्या चौकीने परत पाठवलं तरी, आत जाताना ज्यांच्याशी गाठच पडली नव्हती अशा चौक्याही उत्तरावर हात फिरवायच्या. दुसऱ्यांना वापरायला देण्यासाठी चौकी लिहीत असाल तर नातं लिहा, आणि सुरू होताना यंत्राला त्या नात्यांवरून क्रम काढू द्या. कुणाच्या आधी कोण हे ठाऊक असलं की सरळ रांग लावायची रीत १९६२ पासून छापून आलेली आहे. आकडे मात्र कधीही नकोत.

नात्यांचा आणखी एक फायदा: भोवरा असेल तर तो लगेच दिसतो. जर्मनीत नव्याने आलेल्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा. घर हवं तर पगाराचा पुरावा नाहीतर बँकेतलं खातं दाखव. खातं हवं तर बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागणार. नोंदणीला घरमालकाची लेखी पुष्टी लागते. घरमालक म्हणतो, आधी खातं दाखव. अ च्या आधी ब, ब च्या आधी क, क च्या आधी अ. खिडकीमागचा माणूस शांतपणे तुम्हाला पुढच्या खिडकीकडे पाठवतो. शिस्तबद्ध देश! यंत्राने अशा वेळी सुरू व्हायलाच नकार द्यायला हवा, आणि कुठल्या तीन चौक्यांनी एकमेकींचे पदर धरलेत ते नावानिशी सांगायला हवं. माणसांच्या कचेऱ्यांना हे जमत नाही. सॉफ्टवेअरला सहज जमतं, फक्त नातं लिहिलेलं हवं.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. "फ्रेमवर्कचा ठरलेला क्रम विचारपूर्वकच केलेला असतो, कशाला हात लावा?" असतोच. पण तो त्यांच्या चौक्यांसाठी असतो. तुमचा दवाखाना त्यांनी पाहिलेला नाही. "डेडलाइनमध्ये एवढं कोण बघतं?" मान्य, वेळ कमी असतो. पण ज्या कामाला दोन दिवस लागतात ते म्हणजे 'चौकी आहे पण चालत का नाही' हे शोधणं. क्रम छापून बघायला एक आज्ञा पुरते. आणि तिसरा आक्षेप, जो मला सर्वात जास्त टोचतो: "आपल्याकडे हे चालत नाही हो, आपल्या लोकांना शिस्तच नाही."

अहो, आपल्याकडे क्रम माहीत नाही असं कोण म्हणतं? "आधी लगीन कोंडाण्याचं" हे वाक्य शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, आणि ते अग्रक्रमाबद्दलच आहे. आपल्या न्यायालयांना १९६३ च्या मुदत कायद्याने सांगून ठेवलंय की दावा मुदतीबाहेर असेल तर तो फेटाळा, समोरच्या पक्षाने तो मुद्दा काढला नसला तरी. म्हणजे मुदतीची चौकी कायद्यातच बसवलेली आहे, वकिलाच्या आठवणीवर सोडलेली नाही. आपल्याला कल्पना कळत नाही असं नाहीच. आपण ती यंत्रात उतरवायच्या ऐवजी माणसाच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो, आणि मग स्वभावाला शिव्या देत बसतो. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत तेवीस वर्षांच्या मुलाला रूटच्या फाइलमध्ये एक ओळ घालायला सांगायची, ती कितव्या क्रमाने चालेल हे त्याला कुणी सांगायचं नाही, आणि पेशंटची माहिती बाहेर गेली की म्हणायचं, हल्लीच्या मुलांना शिस्त नाही. हा शुद्ध अन्याय आहे. त्या मुलाच्या जागी म्युनिकचा मुलगा बसवा, तोही तीच चूक करेल.

तेव्हा जे या धंद्यात आहेत त्यांनी उद्या ऑफिसात गेल्यावर एक काम करावं. आपल्या सर्वात नाजूक रूटवर, म्हणजे पैसे, पेशंट, परीक्षेचे निकाल वगैरे जे काही असेल तिथे, प्रत्यक्षात कुठल्या चौक्या कुठल्या क्रमाने चालतात ते छापून बघावं. फाइलमध्ये लिहिलेला क्रम नको, चालतो तो. मग प्रत्येक जोडीला विचारावं: ही तिच्या आधीच का? उत्तर असेल तर ते तिथे शेजारी लिहून ठेवावं. आणि एक टेस्ट लिहावी जी क्रम बदलला की मोडेल: लॉगिन न करता खऱ्या आणि खोट्या क्रमांकाचं बिल मागा, दोन्हीकडे तेच उत्तर यायला हवं. एका दवाखान्याच्या लॉगिनने दुसऱ्याचं बिल मागा, काहीही मिळता कामा नये. अशा पाच-सहा टेस्ट म्हणजे तुमच्या दांड्यांमधली ती अडकण.

आणि जे या धंद्यात नाहीत त्यांनी पुढच्या वेळी कुणी "शिस्त रक्तात असते" म्हणालं की बाड आयब्लिंगची गोष्ट सांगावी. पर्यायी सिग्नलच्या त्या बटणावर कुणाचं बोट होतं ते जरूर सांगा.